गोळी, तांबी, निरोध न वापरता पाळणा लांबवायचा तर दिवस नीट कसे मोजायचे

मलप्रभा

"पाळी संपली की आठ दिवस मोकळे, मधले चार दिवस सांभाळायचे, मग परत मोकळे." खानापूर-नंदगडपासून संकेश्वर-निपाणीपर्यंत जाऊबाई जाऊबाईला हाच हिशेब देते. हा हिशेब चुकीचा आहे. तो नेमका कुठे चुकतो आणि बरोबर कसा करायचा, ते एका जागी असावं म्हणून हा धागा. ज्यांना या विषयातलं पक्कं माहीत आहे त्यांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

आधी शरीरातलं गणित. स्त्रीबीज सुटल्यावर १२ ते २४ तास टिकतं. शुक्रजंतू आत ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे एका चक्रात गर्भ राहू शकेल असे दिवस साधारण ६: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. सहाच दिवस टाळायचे तर काम सोपं वाटतं. अडचण अशी की बीज कधी सुटणार हे आधी कळत नाही.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून बीज सुटेपर्यंतचा काळ कमी-जास्त होतो. ताप, प्रवास, जागरण, घरातला ताण, काहीही झालं की तो ताणतो. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ मात्र बऱ्यापैकी ठरलेला, १२ ते १६ दिवसांचा. १९२० च्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या दोन डॉक्टरांनी हे वेगवेगळं काम करून दाखवून दिलं. त्यामुळे पाळी लांबली तर बहुतेक वेळा बीजच उशिरा सुटलेलं असतं. मोजायचं ते पुढच्या पाळीपासून मागे. मागच्या पाळीपासून पुढे मोजून 'चौदावा दिवस' धरणं ही पहिली चूक.

आता तो 'आठ दिवस मोकळे' हिशेब तपासू. समजा चक्र २५ दिवसांचं आहे. २५ मधून १४ वजा केले की ११. बीज अकराव्या दिवशी सुटेल, एखाद्या वेळी नवव्यालाही. पाचव्या दिवशी अंगावरचं थांबलं, सहाव्या दिवशी संबंध आला, शुक्रजंतू अकराव्यापर्यंत टिकले. गर्भ राहिला. घरी सगळे म्हणतात, "दिवस तर मोकळे होते की!" नव्हते.

कॅलेंडरची पद्धत अशी. किमान ६ पाळ्यांची नोंद हातात हवी. १२ असल्या तर उत्तम. अंगावर जायला लागल्याचा पहिला दिवस म्हणजे १, पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. सगळ्यांत लहान चक्रातून १८ वजा करायचे, तो टाळण्याचा पहिला दिवस. सगळ्यांत मोठ्या चक्रातून ११ वजा करायचे, तो शेवटचा.

उदाहरण: चक्रं २७, २९, ३१, २८, ३०, २९ दिवसांची. २७ वजा १८ म्हणजे ९. ३१ वजा ११ म्हणजे २०. नवव्यापासून विसाव्यापर्यंत, दोन्ही दिवस धरून, संबंध टाळायचा. पाळी ३ जूनला आली असेल तर ११ जून ते २२ जून. दर महिन्याला जुनी नोंद सोडून नवी घ्यायची आणि वजाबाकी पुन्हा करायची. एकदा काढलेले आकडे वर्षभर चालवू नयेत.

एखादीची चक्रं २४ आणि ३५ अशी असतील तर? २४ वजा १८ म्हणजे ६, ३५ वजा ११ म्हणजे २४. सहाव्यापासून चोविसाव्यापर्यंत १९ दिवस. हे कुणाला पाळवत नाही. तिने या पद्धतीच्या नादी लागू नये, खालच्या दुसऱ्या पद्धती बघाव्यात.

घटप्रभा

धागा फार गरजेचा होता, मलप्रभाताई. मोजणीत ज्या चुका सारख्या होतात त्या आधी लिहिते.

पहिली, तारखेवर मोजणं. "माझी दर महिन्याच्या पाच तारखेला येते, म्हणजे चक्र ३० चं." ५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी ३१ दिवस होतात, ५ फेब्रुवारी ते ५ मार्च २८. दोन्ही चक्रं वेगळी आहेत. घरातल्या कॅलेंडरवर चौकटी बोटाने मोजायच्या, तारखांची वजाबाकी करायची नाही.

दुसरी, तिथीवर मोजणं. "अमावास्येच्या आधी दोन दिवस" असं धरणाऱ्या बायका आजही आहेत. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा, पाळी चंद्र बघून येत नाही. दोन-तीन महिने जुळतं आणि विश्वास बसतो, चौथ्या महिन्याला घात होतो.

तिसरी, आदल्या दिवशीचा डाग पहिला दिवस धरणं. नुसता तपकिरी डाग म्हणजे पाळी सुरू नव्हे. लाल, कापड किंवा पॅड लागेल असा स्राव ज्या दिवशी आला तो १.

चौथी म्हणजे देवाधर्मासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. यल्लम्माच्या जत्रेला जायचंय, घरात लग्न आहे, गणपती आहेत, म्हणून गोळ्या घेतल्या की ते चक्र नोंदीतून बाद. त्या गोळ्या हार्मोनच्याच असतात. त्या महिन्याचा आकडा धरून वजाबाकी केली तर पुढचे सहा महिने चुकीचे जातात.

मोबाइलमधली ॲपं वही म्हणून वापरायला हरकत नाही. पण बरीच ॲपं सरासरी काढून पुढचे हिरवे दिवस दाखवतात. वर मलप्रभाताईंनी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं चक्र धरलंय, सरासरी नाही. सरासरीने चालणारं हिरवं मानू नये.

ताम्रपर्णी

सरकारी दवाखान्यात एक रंगीत मण्यांची माळ मिळायची असं ऐकलं होतं. ती हीच पद्धत काय?

मलप्रभा

तिचीच सोपी बहीण म्हणा. तिला मालाचक्र म्हणतात. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात ही पद्धत तयार झाली. वजाबाकीची कटकट नाही, पण अट कडक: चक्र २६ ते ३२ दिवसांचंच हवं.

माळेत ३२ मणी. एक लाल, मग ६ तपकिरी, मग १२ पांढरे, मग १३ तपकिरी. पाळीच्या पहिल्या दिवशी काळं रबरी कडं लाल मण्यावर, मग रोज सकाळी एक मणी पुढे. कडं पांढऱ्या मण्यावर असेल तेव्हा, म्हणजे आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत, संबंध नाही. शेवटच्या तपकिरी मण्यांत एक मणी जास्त गडद असतो, तो सत्ताविसाव्या दिवसाचा. त्या मण्यावर कडं पोचायच्या आधीच पाळी आली तर चक्र २६ पेक्षा लहान झालं. शेवटच्या मण्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंतही आली नाही तर ३२ पेक्षा मोठं. वर्षातून असं दोनदा झालं की माळ आपल्यासाठी नाही.

माळ मिळाली नाही तरी अडत नाही. कॅलेंडरवर पाळीच्या पहिल्या दिवसाला गोल करा, आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतच्या चौकटींवर तिरकी रेघ मारा. काम तेच. कडं आज सरकवलं की नाही असा गोंधळ झाला तर कॅलेंडरवरचा गोल बघून मणी मोजून घ्यायचे, म्हणून माळ असली तरी कॅलेंडरवर खूण हवीच.

मण्यांची कल्पना नवी नाही बरं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने भारत सरकारने दिवस मोजण्याची पद्धत जिथे करून बघितली, त्यातलं एक ठिकाण आपल्याच आजच्या राज्यातलं, बंगळूर-म्हैसूर वाटेवरचं रामनगर. तेव्हाही मणी दिले होते. ते फारसं जमलं नाही.

हिरण्यकेशी

मोजणीवर एवढा जोर दिला की बायकांना वाटतं कॅलेंडर म्हणजेच नैसर्गिक पद्धत. कॅलेंडर मागचं सांगतं. आज शरीरात काय चाललंय ते स्राव सांगतो, आणि तो बघायला शिकणं हे या सगळ्यातलं खरं काम आहे. ऑस्ट्रेलियातल्या बिलिंग्ज या डॉक्टर पती-पत्नीच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते.

पाळी संपल्यावर काही दिवस जागा कोरडी असते. मग थोडा चिकट, पांढरट, घट्ट स्राव येतो. शहापूर-वडगावच्या मागवाल्यांना खळ माहीत आहे, तसा. बोटाला तुकड्या-तुकड्यांनी लागतो, ताणला की लगेच तुटतो. पुढच्या दोन-चार दिवसांत तो पातळ, पारदर्शक, निसरडा होत जातो. पुस्तकांत याला कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागाची उपमा देतात. ज्यांच्या घरात अंडं येत नाही त्यांनी भेंडी आठवावी. ताजी भेंडी चिरताना सुरीला जी तार येते ना, तशी. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात घेऊन हळू उघडलं की तार दोन-तीन बोटं लांब होते आणि तुटत नाही. चालताना ओलं, सुळसुळीत वाटतं. हा स्राव शुक्रजंतूंना जिवंत ठेवतो, वर जायला वाट देतो.

निसरडेपणाचा शेवटचा दिवस हा शिखराचा दिवस. तो त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या दिवशी स्राव एकदम चिकट किंवा कोरडा झाला की मागे वळून कळतो. इथे बऱ्याचजणी घाई करतात. शिखराच्या दिवसानंतर पूर्ण ३ दिवस अजून थांबायचं, चौथ्या दिवसापासून मोकळं. शिखर चौदाव्याला असेल तर १५, १६, १७ थांबायचं, १८ पासून मोकळं.

बघायचं कधी? लघवीला जाल तेव्हा, आधी कोरड्या स्वच्छ कापडाने किंवा कागदाने पुसून. दिवसातून दोन-तीनदा, आणि रात्री एकदाच नोंद. दिवसभरातलं जे सगळ्यात ओलं दिसलं ते लिहायचं, शेवटचं दिसलेलं नाही. आत बोट घालायची गरज नाही.

शिखराच्या आधीच्या कोरड्या दिवसांत संबंध फक्त संध्याकाळनंतर, आणि एक दिवसाआड. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी वीर्याचा ओलसरपणा असतो, तो आणि खरा स्राव यांतला फरक नव्या बाईला कळत नाही. एक दिवस मध्ये गेला की साफ होतं. पाळीच्या जास्त अंगावर जाण्याच्या दिवसांतही टाळायचं, रक्तात स्राव दिसत नाही आणि लहान चक्रात तो तेव्हाच सुरू झालेला असू शकतो.

हे अवघड वाटलं तर दोन दिवसांचा प्रश्न लक्षात ठेवा. आज काही स्राव दिसला का? काल दिसला होता का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तरच आज मोकळं. रंग-पोत काही ओळखायचं नाही, फक्त आहे की नाही. दिवस जास्त टाळावे लागतात, पण चूक कमी होते.

दूधगंगा

हिरण्यकेशीअक्का, स्रावाला फसवणाऱ्या गोष्टीही लिहायला हव्यात. दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा आणि खाज, हिरवट-पिवळा, वास येणारा, हे सगळे जंतुसंसर्ग. तेव्हा स्राव बघून काही ठरवू नये, आधी उपचार. सर्दीच्या, ॲलर्जीच्या गोळ्या नाकासारखाच हाही स्राव आटवतात, म्हणून 'कोरडं' दिसतं आणि ते खोटं असतं. आत पाण्याने धुण्याची सवय असेल तर नोंदच बिघडते.

आता तापमान. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि अंगाचं विश्रांतीतलं तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सियस चढतं, पुढची पाळी येईपर्यंत चढलेलं राहतं. चढ एवढा बारीक आहे की हात लावून कळणार नाही, थर्मामीटर नीट हवा. सेल्सियसचा एकच दशांश दाखवणारा घेऊ नका, ३६.४ आणि ३६.५ मधलं सगळं त्यात हरवतं. दोन दशांशांचा मिळाला तर तो घ्या. नाही मिळाला तर फॅरनहाइटमध्ये दाखवणारा घ्या, त्यातला एक दशांश सेल्सियसपेक्षा बारीक मोजतो.

सकाळी जाग आल्याबरोबर, अंथरुणातून उठण्याआधी, पाणी-चहा घेण्याआधी, बोलण्याआधी, जिभेखाली. आधी सलग ३ तास तरी झोप झालेली हवी. रोज साधारण एकाच वेळी. थर्मामीटर रात्रीच उशाशी ठेवायचा. चुलीपाशी जाऊन दूध तापवून मग आठवण झाली तर त्या दिवसाची चौकट रिकामी सोडायची, अंदाजाने भरायची नाही.

नियम: आधीच्या ६ दिवसांपेक्षा जास्त असे सलग ३ दिवस आले, आणि तिसरा आकडा त्या सहांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा किमान ०.२ ने वर असला, की तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपासून पाळीपर्यंत मोकळं. उदाहरण: ३६.३५, ३६.४०, ३६.३०, ३६.४०, ३६.३५, ३६.४० हे सहा. मग ३६.५५, ३६.६०, ३६.७०. सहांतला मोठा ३६.४०, तिसरा ३६.७०. झालं. तिसरा ३६.५५ वरच अडकला असता तर चौथा दिवस बघायचा. फॅरनहाइटमध्ये ०.२ ऐवजी ०.४ धरा.

ताप, रात्रपाळी, जागरण, दारू या दिवसांचा आकडा गोल करून बाजूला ठेवायचा. मागावर आळीपाळीने रात्रपाळी करणारीला तापमान एकटं पुरणार नाही.

आणि हे नीट समजून घ्या: तापमान फक्त बीज सुटून गेल्याचं सांगतं. सुटणार आहे हे आधी सांगत नाही. म्हणून पाळीनंतरच्या पहिल्या अर्ध्या भागात तापमानावर काही ठरवता येत नाही.

मलप्रभा

म्हणूनच स्राव आणि तापमान दोन्ही मिळून ठेवणं सगळ्यात भरवशाचं. स्रावाने सुरुवात पकडायची, शेवट दोन्हींनी. शिखरानंतरचे तीन दिवस आणि तापमानाचे तीन दिवस, यांतलं जे उशिरा पुरं होईल ते धरायचं. जर्मनीत ९०० स्त्रियांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. नीट शिकून, टाळायच्या दिवसांत संबंध पूर्ण टाळलेल्यांत वर्षाला १०० मागे ०.४ गर्भधारणा दिसल्या. लक्षात घ्या, त्या बायकांना शिकवणारी माणसं होती आणि रोजचा तक्ता होता.

इतरांचे आकडे, वर्षाला १०० जोडप्यांमागे: मालाचक्र काटेकोर पाळलं तर ५, लोक प्रत्यक्षात पाळतात तसं १२. दोन दिवसांची पद्धत ४ आणि १४. नुसत्या स्रावाची ३ आणि २३. काहीच न वापरल्यास ८५. तुलनेला तांबी १ पेक्षा कमी, निरोध प्रत्यक्ष वापरात १३. दोन आकड्यांमधली दरी बघा. ३ चे २३ होतात ते शरीरामुळे नाही, 'आज एक दिवस चालतंय' म्हटल्यामुळे.

मार्कंडेय

पुरुषांनी वाचायचा भाग लिहितो, कारण ही पद्धत नवऱ्याशिवाय चालत नाही.

वीर्य आत न जाऊ देता 'बाहेर सोडणे' हा उपायही आपल्याकडे वापरतात. वर्षाला १०० मागे प्रत्यक्षात २० ठिकाणी फसतो, अगदी काटेकोर राहिलं तर ४. फसण्याची कारणं दोन. एक, वेळेवर बाहेर येणं होत नाही, आणि योनीच्या तोंडाशी सांडलं तरी गर्भ राहू शकतो. दुसरं, आधी येणाऱ्या चिकट थेंबात काही पुरुषांमध्ये जिवंत शुक्रजंतू असतात. त्याच रात्री दुसऱ्यांदा संबंध येणार असेल तर आधी लघवी करून, पुसून घ्यावं, नळीत राहिलेले जंतू धुतले जातात. टाळायच्या दिवसांत बाहेर सोडून भागवू नका. नेमके तेच दिवस चूक महाग पडण्याचे.

पलटणीतल्या जवानांचं वेगळं आहे. आपल्या भागात घरटी नसला तरी गल्लीत एखादा तरी असतोच. महिनाभराच्या सुट्टीत अख्खं एक चक्र येतं, त्यात बारा दिवस टाळणं दोघांनाही जड जातं. त्या बारा दिवसांपुरता निरोध ठेवावा. एक फायदाही आहे: नवरा नसतो तेव्हा वीर्याची सरमिसळ नसते, बाईला आपला स्राव ओळखायला तीन-चार महिने स्वच्छ मिळतात. त्यामुळे नवरा नाही म्हणून नोंद बंद ठेवायची नाही. उलट तेव्हाच शिकून घ्यायचं.

आणि जिथे बाई 'आज नको' म्हणू शकत नाही, म्हटलं तर ऐकलं जात नाही, तिथे ही पद्धत सुचवूच नये. तिच्या हातात राहील असं साधन द्यावं, तांबी किंवा इंजेक्शन. यात तिची काही कमी नाही.

वेदगंगा

बाळंतपणानंतरचं राहिलं की. अंगावर पाजते आहे तोवर पाळी नाही, म्हणजे गर्भ नाही, असं सरसकट धरतात. यात खरं आहे, पण तीन अटींवर, आणि तिन्ही एकदम हव्यात. बाळ ६ महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि बाळ जवळपास पूर्ण अंगावरच्या दुधावर: दिवसा दोन पाजण्यांत ४ तासांपेक्षा आणि रात्री ६ तासांपेक्षा जास्त खंड नाही. १९८८ साली इटलीत बेलाजिओला जमलेल्या तज्ज्ञांनी हे मान्य केलं. तिन्ही पाळल्या तर सहा महिन्यांत १०० मागे २ पेक्षा कमी.

हे कशामुळे चालतं? बाळ चोखतं तेव्हा आईच्या मेंदूला इशारा जातो, प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढतं, बीज सुटणं दबतं. इशारा तुटला की दाब सुटतो. निपाणीच्या तंबाखू वखारीत किंवा शेतात सकाळी आठला गेलेली बाई पाचला येते. दूध काढून ठेवलं तर बाळाचं पोट भरतं, चोखण्याचा इशारा मात्र मिळत नाही. तिला या पद्धतीवर राहता येणार नाही.

घटप्रभा

आणि घुटी! घुटी-मध चाटवला की पद्धत मोडली असं सांगायला हवं.

वेदगंगा

घटप्रभाताई, इथे थोडं सैल आहे. बोटभर घुटी चाटवली म्हणून पाळी लवकर येत नाही, त्यापायी पाजणं चुकायला लागलं तर येऊ शकते. वाटीभर पाणी, बाटली, नाचणीची पेज सुरू झाली की पाजणं कमी होतंच. बाळासाठी मात्र तुमचंच बरोबर: सहा महिने मध, पाणी, घुटी काहीच नको. मधाचा तर वर्षभर धोका.

दुसरं. पहिल्या पाळीच्या आधी बीज सुटू शकतं. पाळीची वाट बघत बसलेली बाई पाळी न येताच गरोदर होते, ते यामुळे. म्हणून तीनपैकी एक अट तुटली की त्याच दिवसापासून दुसरं साधन. माहेरून सासरी यायचं असतं ते बहुतेक तिसऱ्या-पाचव्या महिन्यात, तेव्हा हा हिशेब निघायच्या आधीच करावा. पहिल्या ८ आठवड्यांतलं अंगावरचं जाणं पाळी धरत नाहीत. त्यानंतर सलग दोन दिवस गेलं तर ती पाळी.

आणि मालाचक्र बाळंतपणानंतर लगेच नाही. पाळी परत सुरू होऊन चार पाळ्या येऊन गेल्याशिवाय आणि चक्र नियमित झाल्याशिवाय माळ हातात घेऊ नये.

ताम्रपर्णी

पपई, तीळ-गूळ, जास्वंदीची फुलं, संबंधानंतर लिंबाच्या पाण्याने धुणं, यांचं काय?

हिरण्यकेशी

धुण्याचा काही उपयोग नाही. काही मिनिटांत शुक्रजंतू गर्भाशयाच्या तोंडावरच्या स्रावात शिरलेले असतात, पाणी तिथे पोचत नाही. लिंबाने जळजळ आणि जखम तेवढी होते. पपई, तीळ, जास्वंद यांच्यावर विसंबून राहता येईल असा पुरावा नाही. ही 'नैसर्गिक पद्धत' नव्हे. झाडपाल्याची आहे म्हणून एका माळेत ओवू नये.

जाता जाता: हार्मोन नको म्हणून सरकारी 'छाया' गोळीबद्दल विचारतात. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, तिच्यात स्टेरॉइड हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला एक. गोळी आहेच, पण माला-डीसारखी नाही. दवाखान्यात विचारावं.

मार्कंडेय

कुणी या पद्धतीवर राहू नये ते एका ओळीत: पाळी फार अनियमित असलेली, पीसीओडी किंवा थायरॉइडवर उपचार चालू असलेली, गर्भपात होऊन किंवा गोळ्या बंद करून दोन-तीन पाळ्या न झालेली, चाळिशीपुढची जिची चक्रं ओढली जातायत, आणि जिला पुढची गर्भधारणा जिवावर बेतेल अशी. शिवाय एचआयव्ही आणि गुप्तरोगांपासून या नैसर्गिक पद्धतींतल्या कशानेच बचाव होत नाही.

घटप्रभा

चुकलं तर काय, तेही लिहून ठेवते. टाळायच्या दिवशी संबंध आला तर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी, जितकी लवकर तितकी बरी. हार्मोनची आहे, पण एकदाची. हार्मोन नकोच असेल तर ५ दिवसांच्या आत तांबी बसवून घेता येते, ती जास्त भरवशाची. पाळी आठवडाभर लांबली तर सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी, आशा कार्यकर्तीकडे किट असतं. साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ २० आठवड्यांपर्यंत कायद्याने काढता येतो, २०२१ च्या दुरुस्तीनंतर लग्न झालेलं असण्याची अट नाही. मेडिकलमधून गर्भ पाडायच्या गोळ्या आणून घरी घेऊ नका, गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असेल तर जीव जाऊ शकतो.

दवाखान्यात नर्सबाईंना मराठी येत नसेल तर अडायला नको: कन्नडात पाळीला मुट्टू, अंगावरून पांढरं जाण्याला बिळी सेरगू. तायी कार्डवर (गरोदर बाईच्या नोंदींच्या सरकारी कार्डवर) शेवटच्या पाळीची तारीख आपल्या वहीतून बघूनच लिहायला सांगा.

ताम्रपर्णी

एक शेवटचं. तातडीची गोळी घेतली त्या महिन्यात मोजणी कशी करायची?

मलप्रभा

करायची नाही. ती गोळी बीज सुटणं पुढे ढकलते, म्हणजे तुम्ही धरलेले मोकळे दिवसच धोक्याचे होऊ शकतात. मधे थोडं अंगावर गेलं तरी ती पाळी समजू नका. पुढची खरी पाळी येईपर्यंत निरोध किंवा पूर्ण टाळणं. पाळी आली की तो दिवस १ धरून माळ किंवा चौकटी परत सुरू करा, स्राव बघत असाल तर तो नेहमीसारखा दिसेपर्यंत थांबा. त्या बिघडलेल्या चक्राचे दिवस वहीत लिहा, पण शेजारी फुली मारा, म्हणजे पुढच्या वजाबाकीत ते येणार नाहीत.